अलिबागला निघण्याआधी तिथी पाहा

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

सुट्टीत बडोद्याहून अलिबागला, कुलाबा किल्ला पाहायला जाणारी मराठी कुटुंबे बरीच आहेत. गाडीचे आरक्षण महिना महिना आधी होते, तिथी मात्र कोणी बघत नाही. या किल्ल्याचे सगळे गणित तिथीवर आहे.

किल्ला समुद्रातल्या खडकावर. ओहोटीला पायी जाता येते, भरतीला होडी लागते. कोकणातला हिशेब सोपा आहे: पक्ष कोणताही असो, तिथीला पाऊणने गुणायचे, की पूर्ण भरतीची साधारण वेळ मिळते. चतुर्थीला भरती तीनला, म्हणजे सहा तास आधी, सकाळी नऊला ओहोटी. (भरतीत बुडणारे महादेवाचे मंदिर असलेल्या आपल्या कावी-कंबोईला हा हिशेब लावू नये. खंबायतच्या आखातात पाणी चढत यायला वेळ लागतो.)

रात्रीच्या गाडीने मुंबई, गेटवेवरून तासाभरात मांडवा, पुढे बस, असे केले तर अलिबागला पोहोचेपर्यंत दुपार होते. अशांना द्वादशी-त्रयोदशी उत्तम, कारण ओहोटी तीन ते पावणेचारला असते. अष्टमीला ती बाराच्या सुमारास येते खरी, पण तो भांग, म्हणजे कमी चढ-उताराची भरती-ओहोटी. पाणी पुरते हटत नाही आणि ओल्या कपड्यांनी किल्ला बघावा लागतो. पावसाळ्यात गेटवेच्या बोटी बंद असतात, तेव्हा भाऊच्या धक्क्यावरची रो-रो, म्हणजे गाड्याही नेणारी मोठी बोट, विचारून पाहावी.

ओहोटीच्या वेळेआधी तासभर वाळूत उतरावे आणि ओहोटीची वेळ उलटून तास झाला की परतावे. पाणी आधी खोलगट जागी भरते. पुढचा खडक कोरडा दिसतो आणि मागची वाट बुडालेली असते. अनवाणी मुळीच जाऊ नये, खडकावरच्या कालवांचे शिंपले पाय चिरतात. पट्ट्याची चप्पल हवी.

आत गेल्यावर नुसते गणपतीचे दर्शन घेऊन फिरू नये. 1680 साली महाराजांनी बांधायला घेतलेला हा किल्ला पुढे कान्होजी आंग्र्यांचे ठाणे झाला. तटाचे प्रचंड चिरे चुन्याशिवाय नुसते एकावर एक बसवले आहेत. लाट आदळली की पाणी फटींत शिरते, तिथेच तिचा जोर मोडतो, मग ते सावकाश झिरपत बाहेर येते. भरती लागताना तटाशी उभे राहिले तर हे डोळ्यांनी दिसते. होडीने येणाऱ्यांनी तरी ते चुकवू नये.

आपल्या पर्यटनाच्या पानावर बोटीचे वेळापत्रक छापता, त्याच्याशेजारी त्या आठवड्यातल्या ओहोटीच्या वेळाही छापाव्यात, ही विनंती.

आपले,
काही वाचक, दांडिया बाजार, बडोदे