ऑक्टोपसला बंदी, ट्यूनाला मोकळं रान

माननीय मत्स्यव्यवसाय मंत्री, मॉरिशस,

सादर नमस्कार.

खरं तर हे पत्र क्रेओलमध्ये लिहायला हवं होतं. पण माझे पूर्वज कोकणातून इथल्या उसाच्या मळ्यांत आले आणि ही गोष्ट तिकडच्यांनाही लगेच कळेल, म्हणून मराठीत. कोकणात नारळी पौर्णिमेला होड्या पाण्यात उतरतात. आपल्याकडे साधारण त्याच सुमारास, 15 ऑगस्टला, ऑक्टोपसबंदी सुरू होते ती 15 ऑक्टोबरपर्यंत. 2016 पासूनची ही रीत. गणपती विसर्जनाला किनाऱ्यावर गेलो तर ओहोटीच्या पाण्यात सळई घेऊन उरित, म्हणजे ऑक्टोपस, शोधणारं कुणी नसतं. कुरकुर होते, पण ऐकतात. मादीला अंडी घालू द्यावीत, हे कळायला पदवी लागत नाही.

आता प्रवाळाच्या भिंतीपलीकडे बघा. हिंदी महासागर ट्यूना आयोगाने 2023 मध्ये, मासे जमवायला समुद्रात सोडतात त्या तरंगत्या तराफ्यांवर वर्षाला 72 दिवसांची बंदी ठरवली. या तराफ्यांच्या सावलीला पिवळ्या पराच्या ट्यूनाची पिल्लं जमतात आणि मोठ्या गोल जाळ्यात ती सगळी येतात. युरोपीय संघाने या ठरावावर हरकत नोंदवली. त्यामुळे तो त्यांच्यावर बंधनकारक राहिला नाही. आणि याच संघाशी आपला मासेमारी करार आहे! वर्षाला 7,25,000 युरो. त्यातले 2,75,000 आपल्या समुद्रात येण्याचे, 5,500 टनांच्या हिशेबाने. म्हणजे टनाला 50 युरो, किलोला पाच सेंट. जहाजमालक वेगळं शुल्क भरतात, हे मान्य. पोर्ट लुईच्या डबाबंद ट्यूनाच्या कारखान्यांवर हजारो घरं चालतात, हेही मान्य. म्हणून करार मोडा असं मी म्हणत नाही.

डिसेंबर 2022 पासूनचा हा चार वर्षांचा करार डिसेंबर 2026 मध्ये संपतो. पुढच्या करारात एक अट घाला: आमच्या पाण्यात यायचं तर तराफ्यांची ती 72 दिवसांची बंदी पाळायची, आयोगात हरकत घेतलेली असो वा नसो. शिवाय मत्स्यव्यवसायाच्या मदतीसाठी म्हणून जे आणखी 2,75,000 युरो दरवर्षी येतात, ते कुठल्या धक्क्यावर, कशावर खर्च झाले, त्याची यादी क्रेओलमध्ये प्रत्येक मासळी-केंद्रावर लावा.

उत्तर 15 ऑगस्टनंतर दिलंत तरी चालेल. तेव्हा आमच्या किनाऱ्यावर सगळ्यांना वाचायला वेळ असतो.

आपला,
रिव्हिएर न्वारचा एक मासेखाऊ रहिवासी