तुला अजून मजा येते का?

चि. मनू हिस,
अनेक आशीर्वाद.

रविवारी तू मुंबईला परत गेलीस, तेव्हापासून आईने टीव्ही लावलेला नाही. ‘माहेरची साडी’ चालू असताना “हे तुला बघवते तरी कसे?” असे तू विचारलेस, ते तुझ्या दृष्टीने चित्रपटाविषयीचे मत असेल, तिला मात्र तो प्रश्न स्वतःविषयीचा वाटला. भांडण पुन्हा उकरून काढण्याचा माझा हेतू नाही. मला एवढेच विचारायचे आहे की चित्रपट पाहताना तुला अजून मजा येते का?

तुझ्या परीक्षणांची कात्रणे मी दादांच्या जुन्या फायलीत लावतो आणि बँकेतली जुनी मंडळी भेटली की वाचूनही दाखवतो. त्यातले मला अर्धेच कळते, पण ऊर भरून येतो. मात्र तुला स्वतःला काही मनापासून आवडले, असे वाक्य त्या कात्रणांत बऱ्याच दिवसांत आढळले नाही, म्हणून हा प्रश्न.

विजय कोंडके यांचा तो चित्रपट 1991 साली आला, तेव्हाही जाणकारांनी त्याला रडका आणि बटबटीत ठरवले होते, आणि त्यात खोटे काही नव्हते. उषा नाडकर्णींची सासू पाहिलीस तर तुलाही ते मान्य होईल. पण आम्ही अक्काला घेऊन गेलो, त्या दिवशी खेड्यापाड्यांतून बायका ट्रॅक्टरमध्ये बसून आल्या होत्या. अक्काच्या सासरविषयी आपल्या घरात कोणी बोलत नसे, हे तू जाणतेस. पडद्यावर अलका कुबल सोसत होती आणि इकडे अक्का शेजारच्या अनोळखी बाईचा हात धरून मोठ्याने रडत होती. मध्यंतरात तिने आपण होऊन भजी मागितली. आई हा चित्रपट लावते त्यामागे अक्का असेल, किंवा तिला तो नुसताच आवडत असेल. त्याला कारण असलेच पाहिजे असे नाही.

तू ‘शोले’चा दाखला देशील. 1975 साली त्याची सुरुवातीची परीक्षणे थंड होती, फिल्मफेअर पुरस्कार मिळाला तो एकच, संकलनासाठी एम. एस. शिंदे यांना, आणि तरीही मुंबईच्या मिनर्व्हा चित्रपटगृहात तो पाच वर्षांहून अधिक काळ चालला. पण ‘शोले’ला पुढे तुमच्या मंडळींनी मान दिला, ‘माहेरची साडी’ला तो मिळाला नाही, बहुधा मिळणारही नाही. तेव्हा प्रेक्षक बरोबर की समीक्षक, हा माझा वादच नाही. चित्रपट सामान्य आहे हे पुरते ओळखूनही त्यात रमता आले पाहिजे, आणि ज्याला ते जमत नाही त्याने इतरांना आरसा दाखवत फिरू नये.

हे पुन्हा व्याख्यान झाले. राग मानू नकोस. लक्ष्मीकांत बेर्डे पडद्यावर धडपडला की तू खुर्चीवर उभी राहून टाळ्या पिटायचीस आणि मागचे लोक ओरडायचे. आता तू अंधारात वही घेऊन एकटीच बसतेस, असे तूच सांगितलेस. तेव्हापासून माझ्या मनात तेच घोळते आहे.

आईला फोन कर. चित्रपटाचा विषय काढला नाहीस तरी चालेल.

तुझे,
बाबा

ता. क. : नवे परीक्षण आले की छायाचित्र काढून पाठव, कारण इकडे मुंबईची आवृत्ती मिळत नाही.