दिनविशेष: योगायोग कोणता आणि निवड कोणती?

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आपल्या दैनिकातील ‘दिनविशेष’ हे सदर मी रोज अग्रलेखाच्याही आधी वाचतो. १९ डिसेंबरच्या अंकात गोवा मुक्तीची ओळ त्या सदरात होती, पण ती एका क्रिकेटपटूचा जन्म आणि अपोलो १७ यानाचे १९७२ सालचे पृथ्वीवर परतणे यांच्या मधोमध होती. तिला मोठा टाईप हवा होता असे मला म्हणायचे नाही, कारण मुक्तिदिनाची पुरवणी आपण वेगळी काढली होतीच. माझी अडचण निराळी आहे. एका तारखेखाली आलेल्या घटना तेथे केवळ योगायोगाने आल्या की कोणी विचारपूर्वक त्या तारखेवर आणल्या, हे सदरातून कधीच कळत नाही.

शिक्षक म्हणून नोकरीत असताना मी स्वतः बरीच वर्षे शाळेच्या व्हरांड्यातील फळ्यावर दिनविशेष लिहीत असे. मुक्तिदिनाची सुट्टी म्हणून १९ डिसेंबरचा फळा आदल्या दिवशीच भरावा लागे. एका वर्षी मी रामप्रसाद बिस्मिल, अशफाकउल्ला खान आणि रोशनसिंह यांची फाशी वरच्या ओळीत लिहिली आणि गोव्याची मुक्ती तिच्या खाली. पाचवीतल्या एका मुलाने विचारले, ‘‘सर, त्यांना सकाळी फाशी दिली आणि संध्याकाळी गोवा सुटला?’’ मी हसलो, पण नंतर फळ्याकडे पाहिले तेव्हा चूक त्याची नसून माझी असल्याचे लक्षात आले. १९२७ आणि १९६१ हे आकडे मी कोपऱ्यात बारीक अक्षरात लिहिले होते आणि दोन ओळींमधली चौतीस वर्षे दिसावीत असे फळ्यावर काहीच नव्हते. शिवाय काकोरी खटल्यातील चौथे हुतात्मे राजेंद्र लाहिरी यांना गोंड्याच्या तुरुंगात दोनच दिवस आधी, १७ डिसेंबरला, फाशी दिली गेल्यामुळे माझ्या फळ्यावर त्यांचे नावच नव्हते. तारखेच्या हिशेबाने इतिहास मांडला की असे कोणी ना कोणी बाहेर राहते.

१९ डिसेंबरचेच उदाहरण पुढे नेतो. १९४६ साली याच दिवशी हनोईत फ्रेंच सैन्य आणि स्वातंत्र्यासाठी लढणारी व्हिएतमिन्ह संघटना यांच्यात युद्धाला तोंड फुटले. १९८४ साली याच दिवशी हाँगकाँग चीनला परत देण्याच्या करारावर ब्रिटन आणि चीन यांनी बीजिंगमध्ये सह्या केल्या. आणि १९९९ साली १९ डिसेंबरच्या मध्यरात्री चीनच्या किनाऱ्यावरील मकाववरचा पोर्तुगालचा झेंडा उतरला, म्हणजे पणजीत तो उतरल्यानंतर बरोबर अडतीस वर्षांनी. १८४४ पर्यंत मकावचा कारभार गोव्यातूनच चालत असे हे ध्यानात घेतले, तर ही जुळणी मोहात पाडणारी आहे हे मीही कबूल करतो. तरीही हे सारे योगायोगच आहेत. मकावची अधिकृत तारीख २० डिसेंबर असल्याने ही जुळणीदेखील घड्याळाच्या काट्यावर तोललेली आहे. गोव्यातील कारवाईचा आधी ठरलेला दिवसही पुढे ढकलला गेला होता. भारतीय लष्कराने १८ डिसेंबरच्या पहाटे सरहद्द ओलांडली, आणि शेवटपर्यंत लढण्याचा पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझारचा आदेश असतानाही गोव्यातील पोर्तुगीज गव्हर्नर जनरल व्हासालो ई सिल्वा यांनी १९ तारखेच्या संध्याकाळी शरणागती पत्करली. त्यांनी तो आदेश पाळायचा ठरवले असते, तर आपली सुट्टी कदाचित दुसऱ्या तारखेला पडली असती.

१५ ऑगस्टची गोष्ट मात्र वेगळी. माऊंटबॅटन यांनी तो दिवस निवडला तो १९४५ साली जपानने त्याच दिवशी शरणागती जाहीर केली होती म्हणून. पुढे गोव्याच्या सत्याग्रहींनी तो निवडला तो १९४७ मुळे. १९५४ च्या १५ ऑगस्टला आल्फ्रेड आफोन्सो आणि त्यांच्या सोबत्यांनी तेरेखोलच्या किल्ल्यावर तिरंगा लावला, आणि १९५५ च्या १५ ऑगस्टला देशभरातून आलेले सत्याग्रही गोव्याच्या सरहद्दी ओलांडत असताना पोर्तुगीजांनी गोळीबार केला, त्यात पंजाबच्या कर्नैलसिंगांसारखे कितीतरी जण पडले. पत्रादेवीच्या हुतात्मा स्मारकापाशी आपण आजही थांबतो ते त्यांच्यासाठी. या घटना एका तारखेला ‘आल्या’ नाहीत. आमच्याशिवाय तुमचे स्वातंत्र्य अपुरे आहे, हे दिल्लीला ऐकू जावे म्हणून त्या तारखेवर मुद्दाम आणल्या गेल्या. २६ जानेवारीचेही तसेच. १९३० मधील पूर्ण स्वराज्याच्या दिवसाची आठवण राहावी म्हणून, २६ नोव्हेंबर १९४९ ला स्वीकारलेली राज्यघटना दोन महिने थांबून अमलात आणली गेली.

योगायोग आणि निवड या दोहोंच्या मधला एक प्रकार मला सर्वांत जवळचा वाटतो, आणि योगायोग असा की तो गोव्याशी जोडलेल्या माणसाचा आहे. डॉ. राममनोहर लोहिया यांचा जन्म २३ मार्च १९१० चा. १९३१ साली त्याच तारखेला लाहोरच्या तुरुंगात भगतसिंग, राजगुरू आणि सुखदेव यांना फाशी झाली, आणि लोहियांनी आपला वाढदिवस साजरा करणे सोडून दिले. जन्मतारीख त्यांच्या हातात नव्हती आणि फाशीची तारीखही नव्हती, पण त्या दोहोंचे काय करायचे ते त्यांनी ठरवले. आसोळणे येथे डॉ. जुलियांव मिनेझिस यांच्याकडे विश्रांतीसाठी आलेला हाच माणूस १८ जून १९४६ रोजी भर पावसात मडगावच्या सभेत उभा राहिला. आपल्या सदरात २३ मार्चला या दोन्ही नोंदी दरवर्षी असतात, पण एकमेकींना अनोळखी असल्यासारख्या, मध्ये चार-पाच ओळी सोडून.

जुन्या तारखांबद्दल थोडक्यात लिहितो. पोर्तुगीज सेनापती आफोन्सो द आल्बुकर्कने गोवा दुसऱ्यांदा आणि कायमचा जिंकला ती २५ नोव्हेंबर १५१० ही तारीख ज्युलियन, म्हणजे युरोपातील जुन्या, कालगणनेची आहे. आजच्या ग्रेगोरियन पंचांगात ती ५ डिसेंबरला पडते. तो सेंट कॅथरीनचा सणाचा दिवस होता म्हणून ती तारीख लोकांच्या लक्षात राहिली आणि जुन्या गोव्यातील से कॅथेड्रलही त्याच संतीणीला अर्पण झाले. शिवजयंतीची १९ फेब्रुवारी १६३० हीसुद्धा ज्युलियन तारीखच आहे, तिथी फाल्गुन वद्य तृतीया. तिथीचे भांडण मला येथे उकरायचे नाही. पोर्तुगालने १५८२ साली पंचांग बदलले तेव्हा ४ ऑक्टोबरनंतर एकदम १५ ऑक्टोबर उजाडला. त्याआधीच्या नोंदींपुढे आणि नंतरच्याही जुन्या पद्धतीने मोजलेल्या नोंदींपुढे कंसात ‘ज्यु.’ एवढे छापले तरी पुरे.

म्हणून माझी विनंती लहानशी आहे. रोजच्या दहा-बारा ओळींऐवजी चारच ओळी द्या, साल तारखेइतक्याच ठळक अक्षरात छापा, आणि जेथे तारीख कोणी मुद्दाम निवडली असेल तेथे ‘हा दिवस का’ याचे एक वाक्य जोडा. सुरुवात ३१ जानेवारीच्या अंकापासून करता येईल. पणजीत मळा या भागाकडे जाणाऱ्या रस्त्याला या तारखेचे नाव आहे. रोज त्यावरून जाणाऱ्यांपैकी फार थोड्यांना माहीत असेल की ती १८९१ साली पोर्तुगालमधील पोर्तो शहरात राजेशाहीविरुद्ध झालेल्या आणि फसलेल्या उठावाची तारीख आहे. १९२० साली त्याच तारखेला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या ‘मूकनायक’चा पहिला अंक निघाला. पहिली तारीख रस्त्याला विचारपूर्वक दिलेली आहे आणि दुसरी तिच्याशेजारी आपोआप येऊन बसली आहे. या दोन नोंदी आणि त्यांच्यातला हा फरक एवढेच त्या दिवशी छापले, तरी माझ्यासारख्या वाचकाला बाकीच्या आठ-दहा ओळींची आठवण येणार नाही.

कळावे,
आपला,
एक निवृत्त शिक्षक, फोंडा