गांडुळांसाठी पुन्हा आलात, म्हणून

प्रिय काकू,
सप्रेम नमस्कार.

फोनवर आभार मानायला गेलं की तुम्ही "त्यात काय एवढं" म्हणून विषय बदलता. म्हणून हे पत्र, आणि तेही सगळ्यांसमोर.

गांडूळखताचा पहिला डबा मी केवढ्या हौसेनं भरला होता! तिसऱ्या आठवड्यात झाकण उघडलं आणि कुजका भपकारा आला. गांडुळं खालचा थर सोडून डब्याच्या कडांवर, झाकणाच्या आतल्या बाजूला चढून बसली होती. कितीतरी मेली होती. सांभाळायला आणलेले जीव आपल्याच हातून गेले, ही टोचणी फार लागली. डबा रिकामा करून हे सगळं बंद करायचं, असं ठरवूनच मी तुम्हाला फोन केला होता.

तुम्ही त्याच संध्याकाळी आलात. काही न बोलता डब्यात हात घातलात, तळातला मूठभर चोथा उचललात आणि पिळलात. धार लागली. "पिळल्यावर एखाद-दुसरा थेंब यावा, एवढीच ओल हवी," एवढंच म्हणालात. गांडुळांना फुप्फुसं नसतात, ती कातडीतून श्वास घेतात; म्हणून कातडी ओलसर लागते, पण पाणी साचलं की हवा संपते आणि ती गुदमरतात, हे तुम्ही समजावलंत. त्यानंतर मला काही पाठ करावं लागलं नाही. तळाला भोकं कशाला, पुठ्ठ्याचे तुकडे आणि सुकी पानं कशाला, सगळं आपोआप उलगडलं.

दुसरी चूकही तुम्हीच दाखवलीत. मी रोजच्या रोज सगळी सालं आत टाकत होते. गांडुळांना दात नसतात. आधी सूक्ष्मजीव साल मऊ करतात, मग ती खातात. त्यामुळे आधीचं दिसेनासं झाल्याशिवाय नवीन घालायचं नाही. बागेतली माती उकरून गांडुळं आणावीत, असं मला कोणीतरी सुचवलं होतं. ती खोल बिळं करून राहणारी, डब्यात टिकत नाहीत, असं सांगून तुम्ही आपल्याच डब्यातली अर्धी गांडुळं ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळून मला दिलीत. आयसेनिया फेटिडा, पालापाचोळ्याच्या थरात राहणारी, लालसर. एकदा मारून बसलेल्या माणसाच्या हाती पुन्हा तेवढी द्यायची, काकू, हे मी विसरणार नाही.

आणि तो कोष! महिन्याभरानं तुम्ही पुन्हा आलात, खत चाळता चाळता थांबलात आणि माझ्या तळहातावर एक पिवळसर दाणा ठेवलात. तीन-चार मिलिमीटरचा, हुबेहूब लिंबाच्या आकाराचा. मी त्याला बी समजले होते. उजेडात धरला तर आत काहीतरी वळवळत होतं. पुढे त्यातून निघालेलं पिल्लू पाहिलं, पांढऱ्या दोऱ्यासारखं, मधोमध रक्ताची तांबडी रेघ. त्या दिवशी माझी टोचणी गेली.

आता खत काढायची तुमची रीत माझ्या हाताला बसली आहे. उजेडात ढीग करायचा, गांडुळं उजेड टाळून आत सरकतात, वरचा थर हलकेच काढून घ्यायचा, थांबायचं, पुन्हा काढायचा. घाई केली की ती तुटतात. तयार खताला पावसानंतरच्या मातीचा वास येतो. एक भाग खत, चार भाग माती घालून कुंड्या भरल्या आहेत. डब्यातून गळणारं काळं पाणी म्हणजे व्हर्मिवॉश, म्हणजे तयार गांडूळखतातून मुद्दाम पाणी झिरपवून काढलेलं द्रवखत, नव्हे, हे तुमचं वाक्य मी भेटेल त्याला सांगते, कारण लोक तेच रोपांना घालतात.

रविवारी येते आहे. तुम्ही दिली होती तेवढी गांडुळं ओल्या वर्तमानपत्रात बांधून आणते. तुम्ही ती ठेवून घेणार नाही, दुसऱ्या कोणाला तरी देऊन टाकाल, म्हणून थोडी जास्तच आणते.

तुमची,
खालच्या मजल्यावरची