बाकीबाबांच्या नोकरीचे कागद कुठे आहेत?

मा. कला व संस्कृती मंत्री,
गोवा राज्य, सचिवालय, पर्वरी

स.न.वि.वि.

दर वर्षी ३० नोव्हेंबरला कवी बा. भ. बोरकरांच्या, म्हणजे आपल्या बाकीबाबांच्या, जयंतीचा कुठे ना कुठे कार्यक्रम होतोच. समई, हार, कवितांचं गायन, 'आनंदयात्री' हे विशेषण निदान तिघा वक्त्यांच्या तोंडून, आणि मग चहा. गाणी ऐकायला मीही जातो, तेव्हा कार्यक्रमाविषयी माझी तक्रार नाही. पण त्यातून मुलांना कळतात ते माडाखाली बसून निसर्गाची गाणी लिहिणारे एक प्रसन्न गृहस्थ. या माणसाने पोटासाठी आणि देशासाठी दिवसभर काय काम केलं, हे कुणी विचारत नाही. ते विचारायलाच हे पत्र लिहीत आहे.

बोरी गावचे बाळकृष्ण भगवंत बोरकर जन्मले १९१० साली. पहिला कवितासंग्रह १९३० मध्ये, म्हणजे विशीतच. मग पंधराएक वर्षं पोर्तुगीज अमलाखालच्या गोव्यात मास्तरकी. मीही जन्मभर शाळेत फळा पुसला, त्यामुळे या पंधरा वर्षांविषयी मला जरा जास्तच आपुलकी. पण ती इथे बाजूला ठेवतो.

त्यानंतर हा कवी मुंबईला जाऊन संपादक झाला. मुंबईलाच का, हे आजच्या मुलांना सांगावं लागतं. पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याच्या राजवटीत गोव्यात छापायचा प्रत्येक मजकूर आधी सेन्सॉरकडे जायचा; लग्नाच्या पत्रिकाही त्यातून सुटत नसत. १८ जून १९४६ रोजी मडगावात डॉ. राममनोहर लोहियांनी सभाबंदी मोडली आणि वारं फिरलं, पण वारं फिरलं तरी छापखाना सरकारच्या मुठीतच राहिला. गोव्याविषयी मोकळं लिहायचं तर सीमा ओलांडण्यावाचून इलाज नव्हता. बोरकरांनी तिकडून 'आमचा गोमंतक' आणि 'पोर्जेचो आवाज' या पत्रांचं संपादन केलं, एक मराठी आणि एक कोंकणी. चळवळीतलं साप्ताहिक म्हणजे तंगीचा धंदा. अग्रलेख लिहायचा, प्रुफं बघायची आणि वर्गणी थकवणाऱ्यांना पत्रंही संपादकानेच पाठवायची.

आणि मग रेडिओ. १९५५ ते १९७० ही पंधरा वर्षं बोरकर आकाशवाणीत होते, आधी पुण्याला आणि गोवा मुक्त झाल्यावर पणजीला, वाङ्मयविषयक कार्यक्रमांचे निर्माते म्हणून. त्या काळी आकाशवाणीने जाणीवपूर्वक नामवंत लेखकांना निर्माते म्हणून बोलावलं होतं. पुणे केंद्रावर व्यंकटेश माडगूळकर ग्रामीण कार्यक्रम बघत. ज्या वर्षी बोरकर आकाशवाणीत आले, त्याच वर्षी त्या केंद्रावरून गीतरामायण सुरू झालं होतं. सरकारी नोकरीत एवढे लेखक एकदम नांदले, असा योग पुन्हा आलेला नाही.

निर्मात्याचं काम बाहेरून दिसत नाही. कुणाला बोलवायचं ते ठरवायचं, त्याचं वीस मिनिटांचं टिपण दहा मिनिटांवर आणायचं, मायक्रोफोनसमोर घामाघूम झालेल्या विद्वानाला "समोर एकच माणूस बसलाय असं समजून बोला" म्हणून धीर द्यायचा, आणि कागद फडफडला की पुन्हा पहिल्यापासून. मी तरुणपणी एकदोनदा रेडिओवर बोललो आहे. निर्माता ब्लेडने फीत तिरकी कापायचा, माझा खोकला उचलून कचऱ्यात टाकायचा आणि दोन तुकडे पांढऱ्या चिकटपट्टीने असे जोडायचा की सांधा कानाला कळू नये. पंधरा वर्षं या खुर्चीवर बसलेल्या कवीने किती जणांना बोलतं केलं असेल! पणजी केंद्रावर तर गावोगावचे कीर्तनकार, भजनी, तियात्रिस्त म्हणजे कोंकणी नाटकवाले, पंडित, सगळ्यांचीच ये-जा.

त्या केंद्राचा इतिहासही साधा नाही. आधी ते पोर्तुगिजांचं 'एमिसोरा द गोवा'. १८ डिसेंबर १९६१ रोजी भारतीय विमानांनी पणजीजवळच्या बांबोळीचं बिनतारी केंद्र उडवलं. त्याआधीची सहा वर्षं वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो सीमेपलीकडच्या जंगलातून गोवामुक्तीसाठी गुप्त रेडिओ चालवत होते. लिबियाबाईंना पद्मश्री मिळाली २०२५ मध्ये, वयाची शंभरी गाठल्यावर. आपल्याकडे आठवण यायला इतका वेळ लागतो, म्हणूनच मी घाई करतो आहे.

कारण फीत थांबत नाही. बाराशे फुटांचं स्पूल सेकंदाला साडेसात इंच वेगाने जेमतेम बत्तीस मिनिटं चालतं. ते तेव्हा महाग, म्हणून प्रसारण झालं की पुसून पुन्हा वापरायची रेडिओत सर्रास रीत होती. त्यातून वाचलेल्या फितींना गोव्याची हवा पुरते. अ‍ॅसिटेटची जुनी फीत खराब होऊ लागली की डबा उघडताच व्हिनेगरसारखा आंबूस वास येतो; मग ती आक्रसते, कडेने वळते आणि मशीनवर चढवली की तुटते. वर चार महिने पाऊस आणि बुरशी. आणि ती वाजवणारी मशीनं दुरुस्त करणारे हात हयात आहेत तोवरच हे काम होईल.

वर्तमानपत्रांचं तेच. चाळीसच्या दशकातला तो स्वस्त कागद घडीवर चहापत्तीसारखा चुरतो, उरलेलं कसर खाते. माझ्या एका नातेवाइकांनी त्या काळातली गोवा चळवळीची कात्रणं वहीत चिकटवून ठेवली होती. खळ घट्ट लावल्यामुळे नेमकी चिकटलेली जागाच किड्यांनी आधी खाल्ली. ती वही आता माझ्याकडे आहे. तिच्यासारखं काही सरकारदप्तरी आहे का हे विचारायला मी एका कार्यालयात गेलो, तर समोरच्या बाबूंनी मलाच विचारलं, "बोरकर म्हणजे ते कवी ना? मग पेपर कशाला?" साहेब रजेवर होते. अर्ज ठेवून आलो. चवथ होऊन गेली, उत्तर नाही.

एक नाजूक गोष्टही बोलून टाकतो. आपल्याकडे बोरकरांची वाटणी झाली आहे. मराठीवाले त्यांचे मराठी संग्रह घेतात, कोंकणीवाले 'सासाय' हा कोंकणी संग्रह आणि त्याला १९८१ साली मिळालेला साहित्य अकादमी पुरस्कार घेतात. कोंकणीला राजभाषा करणाऱ्या १९८७च्या कायद्यावर आजही कुणी भांडायला तयार असतो. पण संपादक बोरकरांनी दोन्ही भाषांत पत्रं चालवली, आणि पणजीच्या निर्मात्याच्या टेबलावरही दोन्ही भाषा रोज यायच्या. त्यामुळे हे काम मराठीच्या आणि कोंकणीच्या संस्थेला वेगवेगळं वाटून दिलंत, तर दोन्हीकडे अर्धवटच होईल. ते एकाच ठिकाणी करावं लागेल. पणजीत पाटोवरचं कृष्णदास शामा राज्य मध्यवर्ती ग्रंथालय त्याला योग्य आहे. १८३२ पासूनची परंपरा आहे, इमारत नवी आहे आणि तिथे कुणाचा झेंडा नाही.

मागणं एवढंच. आकाशवाणी केंद्र सरकारकडे आहे, तुमच्या ताब्यात नाही, हे ठाऊक आहे. पण मुख्यमंत्र्यांच्या सहीने आकाशवाणी चालवणाऱ्या प्रसार भारतीला पत्र जाऊ शकतं: बोरकरांनी पुणे आणि पणजी केंद्रांवर निर्मिलेल्या कार्यक्रमांपैकी काय शिल्लक आहे, त्याची यादी द्या, आणि संगणकीय प्रती राज्याच्या खर्चाने करून ग्रंथालयात ठेवू द्या. नुसते ध्वनिमुद्रण नको; संहिता, क्यू शीट (कार्यक्रमाच्या क्रमाचा तक्ता), वक्त्यांशी झालेले करारही हवेत, कारण कुणाला बोलावलं हे त्यातूनच कळेल. दुसरं, त्या दोन्ही पत्रांचे अंक मुंबई-पुण्याच्या ग्रंथालयांतून आणि घराघरांतून जमवण्यासाठी एक माणूस नेमा. पूर्णवेळ नेमा, एखाद्या कारकुनाच्या गळ्यात जादा काम बांधू नका. तिसरं, बोरकर १९८४ साली गेले, म्हणजे त्यांच्या लेखनावरचा स्वामित्वहक्क २०४४ अखेरपर्यंत आहे. कुटुंबीयांची संमती रीतसर आणि सन्मानाने मागा. फायली याच मुद्द्यावर अडकतात, म्हणून तो आधीच उरकून घ्या.

या सगळ्याला लागणारा पैसा एका मोठ्या महोत्सवाच्या मांडवापेक्षा कमीच असेल, असा माझा अंदाज आहे. चुकीचा असेल तर आपल्या खात्याने आकडा जाहीर करावा.

कात्रणांची वही मी द्यायला तयार आहे. मागणीचं पत्र आलं की स्वतः पाटोवर आणून देईन. बदल्यात सहीशिक्क्याची पोच तेवढी मिळावी.

आपला,
एक निवृत्त शिक्षक, फोंडा