सूचना : खोकणाऱ्या घोड्यांबाबत

सर्व घोडामालक व मोतद्दारांसाठी,

काम सुरू करताना घोडा दोन-चार वेळा खोकला, तर ‘घसा मोकळा करतोय’ म्हणून सोडून देऊ नका. दम्याची सुरुवात बहुधा अशीच असते. ताप नसतो, खाणंपिणं नीट असतं, म्हणून महिनोन्‌महिने लक्षात येत नाही.

मूळ कारण बहुतेक वेळा सुक्या गवतातली धूळ आणि बुरशी. नुसतं झटकून ती जात नाही. गवत अर्धा ते एक तास पाण्यात पूर्ण बुडवा, निथळवा आणि ओलं असतानाच खायला द्या. उरलेलं टाकून द्या, कारण भिजलेल्या गवतात जंतू झपाट्याने वाढतात. वाफवलेलं गवत त्याहून चांगलं. गवताच्या गंजी पागेला लागून नकोत. अंथरायला पेंढा टाळा. झाडलोट घोडे बाहेर असतानाच करा, आणि शेजारच्या ठाणातही हेच पाळा. एकाच हवेत सगळे श्वास घेतात. जमेल तितका वेळ घोडा मोकळ्या हवेत ठेवा.

विश्रांतीत श्वास मिनिटाला साधारण 8 ते 16 असतात. रोज मोजून लिहून ठेवा. श्वास वाढले, नाकपुड्या फुगल्या, श्वास सोडताना पोट जोर लावू लागलं, तर काम थांबवून त्याच दिवशी पशुवैद्यांना बोलवा. सोबत ताप असेल तर संसर्गाची शक्यता धरून घोडा वेगळा बांधा.

स्टेरॉइड मनाने देऊ नका, त्याने खुरांचा गंभीर आजार उद्भवू शकतो. आणि औषधाने खोकला थांबला तरी गवत भिजवणं सुरूच ठेवा.