पाडव्याला कारभार घेशील, त्याआधी

चि. बाळूस अनेक आशीर्वाद.

पाडव्यापासून वावराचा आणि घराचा कारभार तुझ्याकडे. बियाणं, खत, फवारणी हे तुला कृषी सहायक सांगेल, मोबाईलही सांगेल. त्यांना विचारता येत नाही तेवढं इथे लिहितो. गावात राहून डोकं शांत कसं ठेवायचं, असं तू परवा फोनवर विचारलंस. डोळे मिटून बसायचं मी शेवटी सांगणार आहे, कारण त्याचा नंबरच शेवटचा. डोकं बहुतेक वेळा मोठ्या संकटानं बिघडत नाही. दिलेला शब्द, घेतलेली उधारी, न तपासलेली शंका, न बोललेली धुऱ्याची, म्हणजे शेजाऱ्याशी लागलेल्या बांधाची गोष्ट, असलं अर्धवट सोडलेलंच आत खदखदत राहतं. ते एकेक मिटवत गेलं की शांतीसाठी वेगळं काही करावं लागत नाही.

आधी शब्दाची वही कर. खिशात मावेल एवढी, हिशोबाच्या वहीपासून वेगळी. एका ओळीत चारच गोष्टी: तारीख, कुणाला, काय, कधीपर्यंत. "ट्रॅक्टरवाल्याला 2,000, पंधरा तारीख." "मामाच्या कागदासाठी तहसील, मंगळवार." रात्रीच्या जेवणाआधी दहा मिनिटं वही उघडायची, झालं त्यावर काट मारायची. जमणार नाही असं दिसलं तर मुदतीच्या आदल्या दिवशी स्वतः जाऊन सांगायचं, "उद्या होत नाही, शनिवारी देतो." आदल्या दिवशी सांगितलं तर ती अडचण, मुदत टळल्यावर सांगितलं तर ती सबब. ही वही दोन प्रकारे वाया जाते. एक तर माणूस तिच्यात विचार लिहायला लागतो, नाहीतर एका झटक्यात वीस कामं लिहून मोकळा होतो आणि तिसऱ्या दिवशी तिच्याकडे बघायची हिंमत होत नाही. एका वेळी तीनपेक्षा जास्त शब्द उघडे ठेवू नको. चौथा कुणी मागितला तर तिथल्या तिथे नाही म्हण. आपल्याकडे "पाहू" म्हटलं की समोरचा ते हो धरून घरी जातो. मग तू नाही म्हणतोस तेव्हा तुझ्या मते तू काहीच मोडलेलं नसतं आणि त्याच्या मते तू शब्द फिरवलेला असतो. विचार करायला वेळ हवा तर दिवस सांग: "रविवारी सांगतो." आणि रविवारी सांग, उत्तर नाही असलं तरी.

पैशाचं थोडक्यात सांगतो, पण आकडे नीट बघ. गावात "पाच रुपये शेकडा" ऐकायला हलकं वाटतं. ते महिन्याचं असतं. 20,000 घेतले तर महिन्याला 1,000. पेरणीला घेतले आणि कापूस विकून चुकारा हातात आल्यावर सहा महिन्यांनी फेडले तर 6,000 वरचे, वर्ष गेलं तर 12,000. सोसायटीचं किंवा बँकेचं 3 लाखांपर्यंतचं पीककर्ज मुदतीत फेडलं तर व्याजात सवलत मिळते, राज्यात ती डॉ. पंजाबराव देशमुखांच्या नावानं आहे. मुदत चुकली की सवलत गेली, म्हणून फेडीची तारीख शब्दाच्या वहीच्या पहिल्या पानावर. कृषी केंद्राची उधारी त्याहून अवघड. व्याज दिसत नाही, पण दुकानदार देईल तेच बियाणं, तेच औषध आणि तोच भाव घ्यावा लागतो. सोयऱ्याधायऱ्यांना द्यायचे असतील तर परत नाही आले तरी चालेल एवढेच दे आणि मनातून तेव्हाच सोड. लग्नात कुणाची बरोबरी करायला जाऊ नको, एवढंच त्याबद्दल.

मजुरी बाजाराच्या आदल्या सांजेला हातात पडली पाहिजे. बाजाराच्या दिवशी दुपारी दिलेल्या मजुरीला अर्थ नाही, तोवर मजूर बाईनं शेजारणीकडून उसने घेतलेले असतात. फवारणीच्या माणसाला मास्क, हातमोजे, अंगभर कपडे आपण द्यायचे. उपाशीपोटी फवारायला लावायचं नाही, वाऱ्याच्या तोंडी उभं करायचं नाही. 2017 च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं शेतकरी गेले, मजूरही गेले. जे काम आपण तसं करणार नाही ते दुसऱ्याकडून तसं करून घेतलं तर झोप लागत नाही, आणि लागू नयेच.

आता काळजीचं. अर्धी काळजी न तपासलेल्या गोष्टीची असते. घरचं सोयाबीन बियाणं उगवेल की नाही, यावर मे महिनाभर घराघरात रात्री चर्चा चालते. तपासायला सात दिवस आणि एक गोणपाट लागतं. पोत्याच्या वरून, मधून, खालून मिळून मूठ मूठ बी घ्यायचं. त्यातले 100 दाणे न निवडता मोजायचे. इथेच लोक चुकतात, चांगले टपोरे दाणे वेचतात आणि स्वतःलाच फसवतात. गोणपाट भिजवून पिळायचं, त्यावर दहा-दहा दाण्यांच्या दहा ओळी मांडायच्या, वरून दुसरं ओलं गोणपाट टाकून सैल गुंडाळी करायची आणि सावलीत ठेवायची. रोज पाणी शिंपडायचं, ओतायचं नाही, ओतलं तर दाणे कुजतात आणि दोष बियाण्यावर येतो. सहा-सात दिवसांनी उलगडून धड कोंब मोजायचे. 70 किंवा वर आले तर एकरी 30 किलो पेर. त्याच्या खाली जेवढे कोंब कमी तेवढं दर कोंबामागे अर्धा किलो वाढव. साठच्या आत आले तर ते धान्य म्हणून विकून दुसरं बी आण. झालं, चर्चा संपली. डोक्यात घोळणाऱ्या दुसऱ्या गोष्टींनाही हेच लावून बघ: हे मोजता येतं का, कुणाला विचारता येतं का, कितीत कळेल? कळण्यासारखं असेल तर काळजी करण्यापेक्षा तपासणं स्वस्त पडतं.

पेरणीचंही तसंच. मृगाची एक सर आली की पानठेल्यावर गप्पांतच तिफण, म्हणजे पेरणीचं अवजार, सुरू होते. शेजाऱ्यानं पेरलं म्हणून आपण पेरलं आणि मग वीस दिवस आभाळाकडे बघत बसलं, हे दर चार-दोन वर्षांनी होतं. दुबार पेरणीत बी जातं ते जातंच, पण घरातली भांडणं त्या वीस दिवसांत होतात. 75 ते 100 मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय तिफणीला हात लावायचा नाही. मोजायला सरळ उभ्या बाजूंचा पत्र्याचा डबा उघड्या अंगणात ठेव, झाड आणि छप्पर लांब पाहिजे. रोज सकाळी आठला पट्टी टाक. एक सेंटिमीटर पाणी म्हणजे दहा मिलिमीटर. आकडा लिही, पाणी ओतून दे. मग वावरात वीतभर उकरून ओल बघ. शेजारी काय करतो ते विचारायला हरकत नाही, पण डबा बघितल्यावर.

धुरा. यावर मी जास्त लिहितो, कारण आपल्या भागात माणसाचं मन जितकं धुऱ्यानं कुरतडलं जातं तितकं दुष्काळानंही नाही. सुरुवात नांगराच्या एका तासाची, म्हणजे एका सरीची असते. नांगरताना ट्रॅक्टर धुऱ्यात हातभर घुसतो, ड्रायव्हर भाड्याचा, मालक घरी. पुढच्या वर्षी आणखी हातभर. ज्याचं गेलं तो तीन वर्षं बोलत नाही, आतल्या आत मोजत राहतो आणि चौथ्या वर्षी काठी घेऊनच बोलतो. तू पहिल्याच वर्षी बोल. वेळ उन्हाळ्याची, नांगरटीच्या आधी, वावरं मोकळी असतात तेव्हा. जागा धुरा, पानठेला नव्हे, कारण तिथे ऐकणारे चार जण दोघांनाही माघार घेऊ देत नाहीत. सोबत दोघांना चालेल असा एकच म्हातारा माणूस घे. पहिलं वाक्य त्याच्या चुकीचं नको. "काका, आपण दोघं मिळून खुणा पाहून घेऊ" एवढं पुरे. खुणेचे दगड, जुनं बाभळीचं खोड, ओढ्याचं वळण जुळलं तर तिथेच चुन्याची फक्की टाका आणि त्याच आठवड्यात दगड रोवा. नाही जुळलं तर वाद वाढवू नको, तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयात मोजणीचा अर्ज दे, हल्ली ऑनलाईनही होतो. सातबारा जोड, लगतच्या कास्तकारांची नावं बरोबर लिही, त्यांना नोटीस जाते. लवकरच्या मोजणीला फी जास्त पडते. अर्ज देण्याआधी शेजाऱ्याला स्वतः जाऊन सांग. नोटीस पोस्टानं हातात पडली की त्याला ती कोर्टाची वाटते आणि घरातली बाई रडायला लागते. मोजणीच्या दिवशी हजर राहा, खुणा दाखवतील तिथे त्याच दिवशी दगड लाव, नकाशाची 'क' प्रत घे. आणि त्याचं हातभर आपल्याकडे निघालं तर लगेच सोडून दे. लोक मोजणी आपलं मिळवायला मागतात आणि उलटं निघालं की भूमापकाला शिव्या देतात.

राग येतो तेव्हा आधी अंगाला कळतं. कान तापतात, श्वास वरच्या वर चालतो, आवाज आपोआप चढतो. यातलं एक जरी दिसलं तरी त्या वेळी हिशोब बोलायचा नाही, व्हॉट्सअपवर आवाजाचा मेसेज तर मुळीच टाकायचा नाही. बोललेलं विसरलं जातं, टाकलेलं गावभर फिरतं. बाजूला जाऊन बस. नाकानं चार आकडे मोजत श्वास आत, सहा ते आठ आकडे मोजत बाहेर, असं दहा वेळा. दोन मिनिटांच्या आत होतं. बाहेरचा श्वास लांबला की मेंदूतून हृदयाकडे उतरणारी वेगस नावाची नस ठोके हळू करते, म्हणून हे चालतं. छाती फुगवून जोरानं ओढशील तर उलट चक्कर येईल. आणि घरात रागानं बोलणं झालंच तर सोयाबीनचं पोतं आठव. उभ्यानं आपटलं तर दाणा वरून चकचकीतच राहतो, पण कवच तडकलेलं असतं आणि कोंब येत नाही. म्हणून झोपायच्या आधी माफी माग आणि ती नेमकी माग: "सगळ्यांसमोर तुला तसं बोललो ते चुकलं." "चुकलं असेल तर माफ कर" ही माफी नाही. मागे "पण" लावू नको.

एप्रिल-मे महिन्यात दुपारी 12 ते 4 मध्ये घरात पैशाचा, वाटणीचा, सोयरिकीचा विषय काढू नको. चव्वेचाळीस-पंचेचाळीस डिग्रीत कूलरखालचा माणूसही चिडका होतो, रात्रीची झोप झालेली नसते. असे विषय सकाळी न्याहारीनंतर. झोप सात तास हवीच. मोबाईल बाजेपासून उठून जावं लागेल एवढ्या लांब ठेव.

तंबाखू-सुपारीचा खर्रा तू पुण्यात सोडलास असं आईला सांगितलंस. इथे पन्नी घोटणारा दर वळणावर बसलेला आहे, आणि दोस्त प्रेमानंच पुढे करतात. तलफ काही मिनिटं जोरात येते आणि ओसरते. तेवढ्यात तोंडात बडीशेप टाक आणि ठेल्यापासून चालायला लाग. उभा राहिलास तर घेशील.

एक गोष्ट घरातल्या प्रत्येकाला सांगून ठेव. फवारणीचं औषध राहत्या घरात ठेवायचं नाही. लागेल तेवढंच आणायचं, उरलेलं वावरातल्या पेटीत कुलूपबंद, किल्ली तुझ्याशिवाय दुसऱ्या एका माणसाकडे. पोरांसाठी तर हे आहेच, पण एखाद्या वाईट रात्री मोठ्या माणसालाही औषध हाताशी नसणंच वाचवतं. घरात किंवा शेजारात कुणी दोन आठवडे झोपत नसेल, जेवण सोडलं असेल, माणसात येत नसेल, "आता माझं काय उरलं" असं बोलत असेल, तर त्याला समजावत बसू नको. स्पष्ट विचार, "जिवाचं काही मनात येतं का?" विचारल्यानं ते डोक्यात शिरत नाही, उलट बोलायला वाट मिळते. हो म्हणाला तर एकटं सोडायचं नाही आणि जिल्हा रुग्णालयात न्यायचं. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतसेवेचा 14416 हा नंबर फुकट आहे, रात्रीही लागतो, मराठीत बोलतात. हे तुलाही लागू आहे. कारभार्‍याला दुखणं नसतं असं कुणी समजू नये.

आता डोळे मिटण्याचं. सांजेला गुरुदेव सेवा मंडळाची सामुदायिक प्रार्थना होते तिथे जाऊन बस. तुकडोजी महाराजांनी 1935 साली मोझरीला गुरुकुंज उभारला, तेव्हापासून गावोगाव ही रीत लागली. मन लागलं नाही तरी बस, दिवे लागण्याच्या वेळी माणसं एका जागी शांत बसतात यातच निम्मं काम होतं. आणि सकाळी अर्धा तास खराटा. शेंडगावचे गाडगेबाबा गावात शिरले की आधी गाव झाडायचे, कीर्तन सांजेला. हा क्रम उलटा करू नको. अंगण, कोठ्यासमोरची जागा, रस्त्याचा आपल्या दारापुढचा तुकडा, एवढं झाडून होईस्तोवर डोक्यातलं अर्धं आपोआप खाली बसतं.

पाडव्याच्या दोन दिवस आधी ये. वर्षाच्या बोलीवर राहणाऱ्या सालदाराशी नव्या सालाचं बोलणं तुझ्यासमोर व्हायला हवं: रोख किती, ज्वारी-गहू किती, कपडे, चपला, सणाच्या सुट्ट्या, दुखण्याखुपण्याचे खाडे कसे धरायचे. सगळं एका कागदावर लिहून दोघांच्या सह्या, एक प्रत त्याच्याकडे. मागच्या सालाचे त्याचे काही पैसे निघतात, ते नवं बोलणं सुरू करायच्या आधी तुझ्या हातानं दे. वही पुण्याहून आणू नको, इथे बाजारात मिळते. गोणपाट मी धुऊन ठेवलं आहे.

तुझे बाबा